पंचनाम्यात न सापडलेला गार्ड

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, म्हणून थोडक्यात लिहायचा विचार आहे. गेल्या महिन्यात आमच्या सौ. भाजी घेऊन रस्ता ओलांडत होत्या, तेव्हा एका पांढऱ्या एसयूव्हीने त्यांना धडक दिली. गाडी जोरात नव्हती. ड्रायव्हर तसं सांगतो आणि मला ते मान्य आहे. पण पुढे बंपरवर लोखंडी गार्ड होता. त्याची वरची नळी नेमकी खुब्यावर बसली. हाड मोडलं, आत रॉड आहे, आणि घरात स्वयंपाक सध्या मी करतो. कसा, ते विचारू नका.

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे लोखंड मला कळतं. कंपनी बंपर प्लास्टिकचा देते तो काही नुसते पैसे वाचवायला नाही. धक्का लागला की त्याने चेपावं, फुटावं, हा त्याचा धर्म. गार्ड थेट चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्ट करतात, मग चेपायचं काम समोरच्या माणसाकडे येतं. आत बसलेलाही सुखी नाही: धक्का सरळ चेसीत गेला की सेन्सरचं गणित चुकतं आणि एअरबॅग उशिरा उघडते, कधी उघडतच नाही. गार्डमुळे पादचारी आणि प्रवासी दोघांनाही धोका आहे, कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच सगळ्या राज्यांना कळवलंय. गाडीत मनाने फेरफार करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. 2019 च्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफारामागे 5 हजार दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कागदावर आपलं राज्य सुरक्षितच आहे.

आता पुढचं ऐका. पंचनाम्यात गार्ड नाही! ‘पांढऱ्या रंगाचे चारचाकी वाहन’, बस. गाडी ठाण्याच्या आवारात मी वाकून पाहिली. बंपरखाली ब्रॅकेटची चार भोकं, कडेला ताजा खरवडलेला रंग. गार्ड रात्रीत पिकल्या पानासारखा गळून पडला असावा. आतले साहेब म्हणाले, “काका, गार्ड होता याला पुरावा काय?” पुरावा खाटेवर झोपलाय, म्हटलं, या बघायला.

बाहेर आलो तर माझ्या स्कूटरवर दंड लागलेला. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नाही म्हणून! 450 रुपये आणि वर जीएसटी भरून बुकिंग केलंय, पावती खिशात आहे, प्लेट तुमच्या ठेकेदाराकडे आहे. दंड मात्र मला.

त्याच ठाण्यासमोर त्या वेळी एक काळ्या काचांची गाडी उभी होती. पुढे-मागे 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत गेला पाहिजे, वरून फिल्म चिकटवायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं. त्या गाडीत माणूस आहे की बोकड, ते दिसत नव्हतं. नंबर 4141, तो ‘दादा’ वाचता यावा असा काढलेला. त्या दादांना प्लेटचं कोण विचारणार?

माझ्या डोळ्यांच्या हिशेबाने आमच्या गावात दर दहा एसयूव्हींपैकी चारांना तरी गार्ड आहे, आणि निवडणूक आली की दहाच्या दहांना. तपासणार कोण? खासगी गाडी एकदा पासिंग झाली की 15 वर्षं आरटीओला तिचं तोंड दाखवावं लागत नाही. गार्ड विकणारं दुकान भर बाजारपेठेत आहे. मी भाव विचारला तर त्याने जीएसटीसह पक्कं बिल देऊ केलं. म्हणजे सरकार त्या नळीवर करही घेतं आणि तिला बेकायदाही म्हणतं. 1 मे 2017 ला मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. 2024 मध्ये पुण्यात एक प्रशिक्षणार्थी अधिकारी खासगी ऑडीवर दिवा लावून फिरत होती. दिवा गेला, मस्ती कुठे गेली? आणि आम्ही ईपीएसच्या, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेच्या, तुटपुंज्या पेन्शनीत औषधं बसवतोय.

मागणी एवढीच, की अपघाताच्या पंचनाम्यात गाडीला बाहेरून काय काय बसवलंय याचा रकाना सक्तीचा करा, आणि गार्ड विकणाऱ्या दुकानांवर आधी जा, माझ्या स्कूटरवर नंतर. ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवण्यात आले आहे’ हे उत्तर कृपया पाठवू नये. ते माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. कर्मचारी