पेट्यांचा हिशेबही लिहा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीवरचा लेख वाचला. १९२९ ला कोल्हापुरात कंपनी निघाली, १९३३ ला पुण्यात आली, पाच भागीदार, सगळं आलं. पण वितरण? बाबूराव पै यांच्या फेमस पिक्चर्सला एक ओळ! चित्र कितीही चांगलं असो, रिळांची पेटी गावात उतरल्याशिवाय बघणार कोण?

मी माळेगावच्या जत्रेत सिनेमाच्या तंबूत प्रोजेक्टरचं मशीन चालवायचो. ‘संत तुकाराम’ (१९३६) ची घासलेली प्रिंट यायची. तुटलेल्या फिल्मला इतके जोड की अभंग मध्येच उडी मारायचा. मी मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या सरकवत घामाघूम, आणि समोर बाया पडद्याला हात जोडून. (मालकाचं लक्ष मात्र गल्ल्यावर.)

मराठवाड्यातले जुने तंबूवाले थोडेच उरलेत. त्यांना गाठा, पुढचा लेख त्यांच्यावर येऊ द्या.

— एक निवृत्त ऑपरेटर, लोहा (जि. नांदेड)