मेलेला चतुर आणि माझी एक दुरुस्ती

प्रिय मित्रा,

काल खिडकीत एक चतुर मेलेला सापडला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काहीच नाही, म्हणून लगेच तुला लिहायला बसलो. चारही पंख शाबूत, पाय छातीशी आवळलेले, आणि वजन इतकं कमी की तळहातावर काही ठेवलंय असं वाटेना. मागचे पंख बुडाशी चांगलेच रुंद होते, म्हणजे टाचणी (चतुराची ती बारीक, नाजूक भावंडं) नाही, चतुरच.

अंग पिवळसर, पण डोळे पार काळपट पडलेले. रंगावर मी विसंबलोच नाही, कारण मेल्यावर आतलं कुजायला लागतं आणि एक-दोन दिवसांत रंगाची वाट लागते. पंख मात्र तसेच राहतात. पंखाच्या टोकाजवळ कडेला तो छोटा रंगीत ठिपका असतो ना, टेरोस्टिग्मा, तो भिंगातून बघितला तर पुढच्या पंखावर लांब आणि मागच्यावर चक्क आखूड! शिवाय शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं पोट, त्याच्या शेवटच्या खंडांच्या, म्हणजे कड्यांसारख्या भागांच्या, पाठीवर काळे ठिपके, आणि मागच्या पंखाच्या बुडाशी गडद डाग नाही म्हणजे ट्रामिया नावाचा तसाच दिसणारा चतुरही नाही. पँटाला फ्लॅव्हेसेन्स! ग्लोब स्किमर म्हणतात तोच, फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये नाव दिलेला. हा समुद्र ओलांडून जातो रे, ते रुंद पंख वाऱ्यावर तरंगायलाच तर आहेत. असा प्रवासी माझ्या खिडकीत येऊन मरावा, मला खरंच वाईट वाटलं.

मग नर की मादी. शेपटीच्या टोकाला दोन लांब काड्या दिसल्या आणि मी मनात नर म्हणून मोकळा झालो, पण या जातीत मादीच्याही काड्या लांबच असतात, तिथेच माणूस फसतो. नराला त्या दोन वरच्या काड्यांच्या खाली मधोमध तिसरा तुकडा असतो, मादीला पकडायला, तो इथे दिसेना. मग हलकेच उताणा केला. चतुराचा नर शुक्राणू नवव्या खंडातून पुढे आणून दुसऱ्या खंडाखाली साठवतो, त्यामुळे पोटाच्या अगदी सुरुवातीला, छातीला लागूनच, खालून आकड्यांसारखा उंचवटा स्पष्ट दिसतो. बाजूने बघितलं, उजेडात धरून बघितलं, तिथे काहीच नाही, साफ सपाट. मादी!

आता पंख पाठीवर मिटवून कागदाच्या घडीत ठेवलीय, वर तारीख आणि जागा लिहून.

आणि हो, मागे तू पाठवलेला तुझ्याकडच्या चतुराचा फोटो, वरून काढलेला, त्यावर मी नुसत्या शेपटीवरून ठामपणे नर म्हणालो होतो, ते मी मागे घेतो. तो चतुर अजून डबीत असेल तर जपून उलटा कर आणि दुसऱ्या खंडाचा जवळून फोटो पाठव, वाट बघतोय.

तुझा मित्र