सिकलसेलच्या पेशंटला छातीचे डॉक्टरही पाहिजेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

19 जूनला जागतिक सिकलसेल दिन झाला (सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार), तुमच्या पेपरात शिबिराची बातमी आली, किती जणांची तपासणी झाली, कार्डं कुणाच्या हस्ते वाटली वगैरे. तपासणी झालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ज्यांचा रिपोर्ट एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेल आल्याचा, येतो त्यांच्या फुफ्फुसाचं पुढे काय होतं हे कुठेच छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याला सिकलसेल आहे. मागे गुडघे आणि कंबर ठणकायला लागली म्हणून ॲडमिट केलं, दुखणं उतरतंय असं वाटत असतानाच तिसऱ्या दिवशी ताप चढला, खोकला, श्वास घेतला की छातीत कळ, एक्स-रेत पांढरा डाग. सगळे न्यूमोनियाच धरून चालले होते. ऑक्सिजन खाली यायला लागला तेव्हा रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमनी ओळखलं की हा अक्यूट चेस्ट सिंड्रोम आहे, म्हणजे सिकलसेलमुळे फुफ्फुसावर अचानक आलेला गंभीर त्रास, लगेच रक्त चढवलं आणि पोरगा सावरला. सिकलसेलमध्ये जीव जाण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून यावर मिळेल ते वाचते. त्यात अमेरिकेतल्या डॉ. मार्क ग्लॅडविन यांचं काम मला फार महत्त्वाचं वाटलं. हे फुफ्फुसाचे आणि आयसीयूचे डॉक्टर, रक्ताचे नाहीत, तरी आधी एनआयएच ही तिथली सरकारी संशोधन संस्था, मग पिट्सबर्गचं विद्यापीठ आणि 2022 पासून मेरीलँडच्या मेडिकल कॉलेजचे डीन, एवढ्या प्रवासात सिकलसेल त्यांनी सोडला नाही. 2002 मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की लाल पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन रक्तात सांडतं आणि रक्ताच्या नसा सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू खाऊन टाकतं, मग नसा आवळतात. 2004 मध्ये त्यांनी 195 मोठ्या वयाच्या पेशंटचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, त्यातल्या 32 टक्के लोकांत फुफ्फुसाच्या नसांमधलं प्रेशर वाढल्याची खूण दिसली आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका जवळपास दहापट होता. (पुढे फ्रान्सच्या डॉक्टरांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आत घालून प्रेशर मोजलं तर पक्का आजार 6 टक्क्यांतच निघाला, म्हणजे नुसत्या एकोवर घाबरूनही जायचं नाही.)

मला सगळ्यात जास्त आदर वाटला तो पुढच्या गोष्टीचा. त्यांच्याच सिद्धांतावरून सिल्डेनाफिल हे नसा सैल करणारं औषध चालेल असं वाटत होतं, त्यांनी मोठी ट्रायल घेतली, पण गोळी घेणाऱ्यांनाच दुखण्यासाठी जास्त ॲडमिट व्हावं लागत होतं, तर 2009 मध्ये ती मधेच थांबवली आणि निकाल जसाच्या तसा छापला. आपल्याकडे दम लागतो म्हणून कुणी सांगोवांगी ही गोळी सुरू करत असेल तर कृपा करून आधी डॉक्टरांना विचारा.

हे सगळं अमेरिकेतलं झालं, पण गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारच्या पेशंटची फुफ्फुसं काही वेगळी नाहीत. आणि प्रत्येक गोष्टीला खर्च लागतो असंही नाही. ऑपरेशननंतर फुंकायला, खरं तर ओढायला, ते तीन बॉलवालं प्लास्टिकचं यंत्र देतात ना, स्पायरोमीटर, ते छाती-पाठ दुखून ॲडमिट झालेल्या सिकलसेलच्या पेशंटला दिवसा दर दोन तासांनी दहा वेळा ओढायला लावलं तर फुफ्फुसाचा त्रास टळतो, हे 1995 मध्येच एका छोट्या अभ्यासात दिसलंय: यंत्र वापरलं तेव्हा 19 पैकी 1 वेळा त्रास झाला, नाही वापरलं तेव्हा 19 पैकी 8 वेळा. काहीशे रुपयांची वस्तू आहे ती, आमच्या वॉर्डात कुणी हातात दिली नाही.

2023 पासून केंद्राचं सिकलसेल मिशन चालू आहे, 7 कोटी लोकांच्या तपासणीचं टार्गेट घेऊन ते सुरू झालं. त्यातच जिल्हा रुग्णालयात सिकलसेलच्या ओपीडीला छातीचे डॉक्टर बसवावेत, चालताना दम लागणाऱ्या पेशंटचा एको तिथेच व्हावा आणि वॉर्डात प्रत्येक कॉटला स्पायरोमीटर असावा. तुमच्या बातमीदाराने पुढच्या शिबिरात आरोग्य अधिकाऱ्यांना एवढं तरी विचारावं की गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे किती पेशंट छातीच्या त्रासाने गेले, आणि मिळेल तो आकडा छापावा.

आपली,
एका सिकलसेल पेशंटची आत्या, गोंदिया