पूरग्रस्त मुलांच्या भीतीचीही दखल घ्यावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर तालुकास्तरावर होणाऱ्या पूरपूर्व तयारीच्या बैठकांच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचल्या. बोटी, लाइफ जॅकेट, धान्य, औषधे यांचा त्यांत उल्लेख आहे. मुलांचा मात्र वह्या-दप्तरांच्या वाटपापलीकडे कुठेच नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून आलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली, गोसेखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली, तेव्हा मी अशाच एका गावच्या शाळेत शिकवत होते. म्हणून हे पत्र.

माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरची बकरी त्या रात्री खुंट्याला बांधलेलीच राहिली. पुढे कित्येक महिने आभाळ भरून आले, की हा मुलगा गोठ्यात जाऊन जनावरांची दावी सोडून देई. एकदा बैल शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीत शिरला, भांडण झाले आणि मुलाला मार बसला. पोरगा वाया चालला, अशी तक्रार घेऊन त्याचे वडील माझ्याकडे आले होते. दावे का सोडतोस, हे त्याला कोणीच विचारले नव्हते. मी विचारले, तेव्हा ‘बांधून ठेवलं त मरते’ एवढेच तो म्हणाला.

पुरानंतर काही आठवडे मुले झोपेत दचकतात, मोठी मुलेही अंथरूण ओले करतात, आईचा पदर सोडत नाहीत, पोट दुखते म्हणून जेवत नाहीत. हे वेड नव्हे आणि नाटकही नव्हे. घरातील माणसे जवळ असली, जेवणाखेळण्याच्या वेळा पुन्हा लागल्या आणि काय घडले ते मुलाच्या समजेल अशा शब्दांत खरेखरे सांगितले, तर बहुतेक मुले हळूहळू सावरतात. आपण नेमके उलटे करतो. ‘काही झालं नाही, रडू नको’ म्हणून गप्प बसवतो. आमच्या गावात मुले मातीची घरे करून त्यांवर तांब्याने पाणी ओतत आणि ‘पूर आला’ म्हणून ओरडत, तर अपशकुन म्हणून म्हाताऱ्यांनी तो खेळ बंद पाडला. वास्तविक त्या खेळातूनच भीती थोडीथोडी बाहेर पडत होती. दुसरीकडे मदत घेऊन आलेली शहरातील मंडळी त्याच मुलांना रांगेत उभे करून, मोबाइलसमोर ‘त्या रात्री काय झालं’ ते पुन्हापुन्हा वदवून घेत. बिस्किटाच्या पुड्याच्या बदल्यात हे मागणे मला तेव्हाही असह्य झाले होते आणि आजही ते आठवले की संताप येतो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपद्ग्रस्तांच्या मानसिक आधाराविषयी २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. परंतु पंचनामा घर, जनावर आणि पीक यांपाशी थांबतो. माझी मागणी मोठी नाही. निवारा शाळेतच उघडावा लागतो, हे मान्य; पण त्याच आवारात, झाडाखाली का होईना, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज ठरलेल्या वेळी दोन तास मुलांना एकत्र बसवावे, आणि ते काम त्यांच्या ओळखीच्या बाईंकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडेच असावे. त्यासाठी त्यांना पावसाळ्यापूर्वी एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे आणि त्या दिवसांत पंचनाम्याच्या व याद्यांच्या कामातून मोकळे ठेवावे. महिना उलटूनही जे मूल सावरत नसेल, त्याला जिल्हा रुग्णालयात नेण्याआणण्याची सोय तहसील कार्यालयाने करावी, कारण मजुरी बुडवून आणि बसभाडे भरून कोणी जाणार नाही. टेलि-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते. तो निवाऱ्याच्या भिंतीवर, धान्यवाटपाच्या यादीशेजारीच, मोठ्या अक्षरांत लिहावा.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर