पिनबॉलचा चेंडू हेडफोनसाठी थांबत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रोडचे टॉवर असोत, नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की नेरूळ-खारघरची घरे, आपली जमीन हे खालच्या घराचे छत असते. अशा घरात पिनबॉलचे (उतरत्या फळीवर पोलादी चेंडू उडवत ठेवण्याच्या खेळाचे) मशीन आले की रात्रीच्या आवाजावरून कुरबूर सुरू होते. त्यावर बहुतेक जण एकच तोडगा काढतात. मशीनला ब्लूटूथचा ट्रान्समीटर लावायचा, कानांवर बिनतारी हेडफोन चढवायचा, झाले काम. या तोडग्याने खेळणाऱ्याचा विरस होतो आणि खालच्यांची झोपही परत येत नाही. दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि दोन्हींवर उपाय आहेत, म्हणून हे पत्र.

आधी खेळणाऱ्याचे पाहू. मोबाइलवर सिनेमा पाहताना ब्लूटूथचा आवाज उशिराच पोहोचतो, पण मोबाइल चित्रही तेवढेच मागे धरतो, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात. पिनबॉलमध्ये मागे धरायला काहीच नाही. तिथे २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅम वजनाचा पोलादी चेंडू साडेसहा अंशांच्या उतारावरून घरंगळत असतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. नेहमीच्या एसबीसी कोडेकने (बिनतारी पाठवण्यासाठी आवाज दाबून बसवण्याच्या पद्धतीने) ब्लूटूथला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशीर होतो. सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारा चेंडू २०० मिलिसेकंदांत ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि अख्खे प्लेफील्डच, म्हणजे चेंडू फिरतो ती फळी, जेमतेम एक मीटरहून थोडे अधिक लांब. म्हणजे बंपरला लागल्याचा आवाज कानात वाजेपर्यंत चेंडू फ्लिपरच्या, म्हणजे त्याला परत वर मारणाऱ्या दांडीच्या, तोंडाशी आलेला असतो. शिवाय कॉइलचा, म्हणजे फ्लिपर हलवणाऱ्या विद्युतचुंबकाचा, खरा खटका हवेतून लगेच ऐकू येतो आणि त्याच्या जोडीचा आवाज हेडफोनमधून मागाहून येतो. ढोलकी पुढे आणि घुंगरू मागे, अशी गत. दहा मिनिटांत डोके भणभणते आणि माणूस ‘मशीनच बिघडले’ असे समजून बसतो.

एकटाच खेळणारा असेल तर तारेच्या हेडफोनसारखे दुसरे काही नाही. खेळणारा तसाही एका जागी उभा असतो. तार हातांत येते ही तक्रार खरी, पण ती पोटावरून न आणता पाठीमागून खांद्यावर घेतली की फ्लिपरच्या बटणांना अडत नाही. बिनतारीच हवा असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, ॲप्टएक्स लो लेटन्सी हा कमी उशिराचा ब्लूटूथ कोडेक. हिचा उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास असतो आणि तो खेळात खुपत नाही. पण ट्रान्समीटर आणि हेडफोन या दोन्हींत तीच सोय हवी. एकात नसेल तर जोडणी मुकाट्याने एसबीसीवर येते, कुठे सूचनाही मिळत नाही. नुसते ‘ॲप्टएक्स’ किंवा ‘ॲप्टएक्स एचडी’ लिहिले असेल तर ते हे नव्हे. ॲपलच्या एअरपॉड्समध्ये ॲप्टएक्स मुळीच नाही, ते कितीही महाग असले तरी या कामाचे नाहीत. एका ट्रान्समीटरवर दोन हेडफोन जोडले की अनेक ट्रान्समीटर लो लेटन्सी सोडून देतात, हेही आधी विचारून घ्यावे.

दुसरी वाट म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर स्वतःच्या ट्रान्समीटरशी बोलणारे हेडफोन, टीव्हीसाठी किंवा गेमिंगसाठी केलेले. यांचा उशीर सहसा ब्लूटूथपेक्षा बराच कमी असतो. इथे फसगत होते ती वेगळीच. गेमिंगच्या हेडफोनचा छोटा डोंगल बहुतेक वेळा फक्त यूएसबीतून आवाज घेतो आणि पिनबॉलच्या मशीनमधून तसा आवाज येत नाही. म्हणून ज्याच्या तळावर ३.५ मिलिमीटरची लाइन-इन सॉकेट आहे तोच घ्यावा. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांकडून ९०० मेगाहर्ट्झचे हेडफोन मात्र मागवू नयेत. तिथे तो पट्टा मोकळा आहे, आपल्याकडे तो मोबाइल सेवेचा आहे.

उशीर किती ते घरच्या घरी मोजता येते. मशीनचा आवाज अगदी हळू ठेवून स्पीकर चालू राहू द्यावा, मोबाइल स्पीकरजवळ धरावा, हेडफोनची एक वाटी मोबाइलच्या माइकला टेकवावी आणि ध्वनिमुद्रण करावे. ते ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये उघडले की प्रत्येक आवाजाचे दोन उंचवटे दिसतात, एक स्पीकरचा आणि एक हेडफोनचा. त्यांच्यामधले अंतर म्हणजे उशीर. ५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर ठीक, १०० च्या पुढे असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी परत करावा.

आता जोडणी, कारण पैसे जळतात ते इथे. काही मशीनना, उदाहरणार्थ जर्सी जॅकच्या, हेडफोनची सॉकेट मुळातच असते. स्टर्नच्या मशीनसाठी वेगळा हेडफोन किट मिळतो. तो मिळत असेल तर हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये. किट नसेल तर आवाज स्पीकरच्या वायरवरून घ्यावा लागतो, आणि तिथेच बहुतेक जण स्पीकरची उणे वायर सॉकेटच्या ग्राउंडला जोडून मोकळे होतात. जुन्या मशीनमध्ये ते चालून जाते. अलीकडच्या मशीनमधले क्लास-डी ॲम्प्लिफायर मात्र बहुधा ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांत स्पीकरच्या दोन्ही वायर जिवंत असतात, ग्राउंड कोणतीच नसते. एक वायर ग्राउंडला लागली की ॲम्प्लिफायर जातो, आणि त्यासोबत कधी कधी आख्खा बोर्ड.

ओळखायचे असे. मशीन बंद करून प्लग काढावा, पाच मिनिटे थांबावे आणि मल्टिमीटरने स्पीकरची उणे वायर व कॅबिनेटमधली ग्राउंडची जाळीदार पट्टी यांमधला रोध पाहावा. एक ओहमच्या आत असेल तर उणे वायर ग्राउंडला आहे. जास्त असेल तर ब्रिज समजून चालावे. खात्री करायची तर मशीन चालू करून, आवाज नसताना, प्रत्येक वायरवर ग्राउंडच्या तुलनेत डीसी व्होल्टेज पाहावे. १२ व्होल्टवर चालणाऱ्या ब्रिज ॲम्प्लिफायरच्या दोन्ही वायरवर साधारण ६ व्होल्ट दिसतात.

ब्रिज असो वा नसो, मधे गाडीच्या ऑडिओवाल्यांकडे मिळणारा हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा जोरकस सिग्नल लाइन-इनच्या पातळीवर आणणारी डबी) घालणे उत्तम. ठाण्यात कोणत्याही कार ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारावे, नाहीतर लॅमिंग्टन रोड आहेच. पण तोही मीटर लावून घ्यावा. चांगल्या कन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, स्वस्तातल्यात नुसते रोधक असतात. इनपुटची उणे वायर आणि आउटपुटच्या आरसीएची बाहेरची कडी यांमध्ये मीटर वाजला तर तो कन्व्हर्टर या कामाचा नाही. दिसायला दोन्ही सारखेच, काळ्या डब्या आणि चार रंगीत वायर, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये.

वरच्या खोक्यातल्या स्पीकरला मालिकेत एक कपॅसिटर लावलेला असतो, तो खर्जाचा आवाज अडवतो. वायर कपॅसिटरच्या आधी जोडावी, नाहीतर हेडफोनमध्ये आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. नव्या मशीनमध्ये खर्ज तळाच्या स्पीकरला वेगळा जातो. तोही हवा असेल तर त्याच्यासाठी दुसरा कन्व्हर्टर घ्यावा आणि कन्व्हर्टरच्या पुढे प्रत्येक चॅनेलवर एक किलोओहमचा रोधक घालून मगच आवाज एकत्र करावेत. कन्व्हर्टरच्या आधी कधीही नाही. नव्वदच्या दशकातल्या बॅली-विल्यम्सच्या डब्ल्यूपीसी मशीनना ही कटकट नाही, त्यांचा आवाज मोनोच आहे. त्याहून जुन्या, सत्तरच्या दशकातल्या घंट्या आणि चाइम वाजवणाऱ्या मशीनना तर स्पीकरच नाही. त्यांना हेडफोन लावण्याचा प्रश्नच येत नाही.

स्पीकर गप्प करायला आवाजाचे बटण उपयोगाचे नाही. बहुतेक मशीनमध्ये ते ॲम्प्लिफायरच्या आधी आवाज कमी करते, त्यामुळे हेडफोनही मुका होतो. प्रत्येक स्पीकरच्या एका वायरमध्ये स्विच हवा. चार पोलांचा टॉगल स्विच घेतला तर तीन स्पीकर भागून एक पोल उरतो. मूळ वायर कापू नये. त्याच मापाचे मोलेक्स कनेक्टर घेऊन मधे घालायची वेगळी वायर तयार करावी, म्हणजे उद्या मशीन विकताना सगळे काढून मूळ स्थितीत देता येते. सॉकेटसाठी पुढच्या लाकडी पाटीला भोक पाडायला जाऊ नये. ती पाटी १९ मिलिमीटर जाड असते आणि सॉकेटचा आटा त्यातून बाहेरच येत नाही. एल आकाराची पत्र्याची पट्टी कॅबिनेटच्या खाली, पुढच्या कडेला डावीकडे स्क्रूने बसवावी आणि सॉकेट, स्विच तिच्यावर घ्यावेत. ट्रान्समीटरही तिथेच बाहेर ठेवावा. पोलादी कॉइन डोअरच्या (नाणी टाकायच्या दाराच्या) मागे कोंबला तर आवाज तुटतो. घरचा वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेला तर आणखी बरे. एकेका टॉवरमध्ये शेकडो राउटर २.४ वर भांडत असतात.

ट्रान्समीटरला वीज मशीनच्या पाच व्होल्टांतून देऊ नये, वेगळा मोबाइल चार्जर वापरावा. तरीही कॉइल उडाली की हेडफोनमध्ये टकटक येत असेल तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग असतात. कृपा करून हे कोणीही करू नये. मशीनचे पाय, कडेच्या पट्ट्या आणि कॉइन डोअर सगळे धातूचे आहे, आणि पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत ओल्या पायाने उभा राहिलेला पोरगा त्यालाच टेकलेला असतो.

एवढे सगळे करून स्पीकर गप्प झाले, तरी खालच्या काकूंची तक्रार राहतेच, आणि ती खरी असते. त्यांना संगीत ऐकूच येत नव्हते. त्यांना ऐकू येतो तो फ्लिपरचा ढप्प ढप्प ठोका. ४८-५० व्होल्टांची कॉइल लोखंडी दांडा आपटते, तो धक्का चार पायांतून थेट स्लॅबमध्ये जातो आणि खालच्या छतातून घुमतो. त्यावर हेडफोन लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मशीन ११० ते १२० किलोचे, म्हणजे प्रत्येक पायावर साधारण ३० किलो. जिममध्ये वापरतात ती २५ मिलिमीटरची रबरी लादी, तिच्यावर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि त्यावर प्रत्येक पायाखाली वॉशिंग मशीनचे रबरी पॅड, अशी उतरंड चांगली काम करते. नुसता गालिचा टाकून काही होत नाही. स्पंजासारखे मऊ पॅड तर नकोतच. मशीन डोलते आणि टिल्ट (मशीन हलवल्यास चेंडू बाद करणारी सोय) विनाकारण लागतो. पॅड आठवड्याभरात दबतात, त्यानंतर उतार पुन्हा साडेसहा अंशांवर आणून टिल्टचा लंबक नव्याने लावावा. मागचे खोके शेजाऱ्याच्या भिंतीला टेकत नाही ना, हेही पाहावे, चार बोटे जागा हवी. फुकटचा डाव जिंकल्यावर लाकडावर फाडकन आपटणारा नॉकर असेल तर त्याचा कनेक्टर काढून ठेवावा. तो एक ठोका रात्री अख्खा मजला जागा करतो.

कानांसाठी एवढेच, की जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मोठ्यांची मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. कॉइलचा खटका दाबण्यासाठी आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो, तो टाळावा. कानांच्या गाद्या कापडी घ्याव्यात. रेक्झिनच्या गाद्या आपल्या हवेत लवकर सोलवटतात.

सोसायट्यांच्या कमिट्यांनाही एक विनंती. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. पण मोबाइलवर डेसिबल मोजून, नोटीस लावून स्लॅबमधला ठोका कळत नाही. कमिटीच्या दोन माणसांनी रात्री साडेनऊला खालच्या घरात, त्याच खोलीत, पंखा बंद करून पंधरा मिनिटे बसावे. वर एकाने हेडफोन लावून खेळावे, आधी पॅड न घालता, मग पॅड घालून. पॅडनंतरही ढप्प ऐकू आला तर मशीन खोलीच्या मधून काढून तुळईच्या वर, भिंतीपासून चार बोटे सोडून ठेवावे आणि पुन्हा बसून ऐकावे.

आपले,
पिनबॉल मशीनची देखभाल करणारे काही वाचक,
ठाणे (प.)