आधी औदुंबर पाहू द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

नववीतल्या माझ्या नातीला बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेवर गृहपाठ होता : ‘पांढरी पायवाट, काळा डोह आणि औदुंबर ही कशाची प्रतीके आहेत?’ तिने वहीत उतरवलं होतं : जीवनप्रवास, मृत्यू, विरक्ती. मी विचारलं, ‘तू उंबराचं झाड पाहिलंस का गं?’ नाही म्हणाली.

अवघ्या आठ ओळींची कविता. तिच्यावर किती लिहिलं गेलं! बालकवी 1918 साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. तो मृत्यूही मागाहून या डोहात शोधला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांनी ‘गोड काळिमा’ लिहिलंय. काळिमा सगळ्यांना दिसतो, ‘गोड’ कुणी वाचतच नाही.

समीक्षा नको असं मी म्हणत नाही. मी स्वतः तीस वर्षं मराठी शिकवलं. पण अर्थ आधी हातात दिला की मुलं कविता वाचायचीच थांबतात, उत्तर पाठ करतात.

रविवारी नातीला कृष्णाकाठी नेलं. उंबराची फळं फांदीच्या शेंड्याला नाही, थेट खोडालाच लगडलेली असतात, हे तिने पहिल्यांदा पाहिलं. एक पिकलं फळ टपकन पाण्यात पडलं, तशी मासळी धावली. नात पाय पाण्यात सोडून बसली आणि आपणहून म्हणाली, ‘आजी, कवितेतला औदुंबर असाच बसलाय ना?’

शिक्षकांना कळकळीची विनंती : पहिल्या तासाला कविता फक्त मोठ्याने म्हणा. प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारा.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई