वेल्सचे अधिकार कुठे संपतात?

महोदय,

वेल्सच्या मंत्र्यांच्या परदेश दौऱ्यांच्या बातम्यांत त्यांच्या अधिकारांची मर्यादा नेहमी गळते. परराष्ट्र संबंध आणि परकीय व्यापाराचे नियमन लंडनकडे राखीव आहे. कार्डिफच्या, म्हणजे वेल्स सरकारच्या, हाती सामंजस्य करार, परदेशांतील कार्यालये, निर्यातदारांना मदत. पण लंडनने केलेले करार शेती, पर्यावरण या वेल्सकडे सोपवलेल्या (हस्तांतरित) विषयांत राबवायचे ते कार्डिफनेच! ब्रिटनचा ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 2023 मध्ये लागू झाला. मेंढीच्या मांसाचा शुल्कमुक्त कोटा पहिल्या वर्षी 25 हजार टन, दहाव्या वर्षी 75 हजार. त्याची झळ वेल्सच्या मेंढपाळांना बसणार.

भाषेबाबत मात्र कार्डिफला सबब नाही. 2050 पर्यंत दहा लाख वेल्श भाषकांचे उद्दिष्ट त्यांचेच, आणि 2021 च्या जनगणनेत जेमतेम 5 लाख 38 हजार भरले, 2011 पेक्षाही कमी.

– एक वाचक